उलटा गुंडाळलेला ताग

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि परळच्या आपल्या चाळीत आता नळ दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. सभेला मिळतो, मोर्चाला मिळतो. आपल्या मजल्यावरची पोरं घोषणा देऊन घसा बसवून घेतात. मुंबई महाराष्ट्राला मिळणार याबद्दल कुणालाच शंका नाही, फक्त मोर्चाहून परतल्यावर पाय धुवायला पाणी कुठलं, हे विचारायचं नाही. तुमच्या बरोबरीचे नळवाले कोकणात परतले आणि त्यांची मुलं कचेरीतल्या खुर्चीत बसली. मी तर संस्कृतच्या मास्तरकीच्या खुर्चीत. नळकाम शीक म्हणालात तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. "लोकांच्या मोऱ्यांत वाकणं मला जमणार नाही," असं अगदी शुद्ध भाषेत उत्तर दिलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाणी मंत्रान चढणा नाय रे." पुन्हा विषय काढला नाहीत. तुमची विद्या माझ्यापाशी संपली, हे मला पुढं फार टोचलं.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या मुलीची हळद, आणि सकाळीच मजल्यावरच्या नळाचा सांधा सुटला. गॅलरीभर रिकामे हंडे. काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमचे वडील हवे होते." हे ऐकून मी माळ्यावरची तुमची पिशवी काढली, गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांवर तागाचे धागे गुंडाळले, वर सफेद्याचा लेप लावला, पान्यानं नळ आवळला. पाणी सोडलं. आलं, सगळं माझ्या धोतरावर.

तुमची सून मागं उभी होती. "उलटा गुंडाळलात. प्रदक्षिणा घालतो तसा घालायचा, नाहीतर नळ आवळताना ताग सुटतो."

"बाबांची आठवण आली. पितरांचं काम म्हणून हात उलटा फिरला असेल."

"हे श्राद्ध नाही, नळ आहे. सरका."

तिनं पदर खोचला आणि पंधरा मिनिटांत नळ कोरडा ठणठणीत बसवला. मी विचारलं, हे कधी शिकलीस? "मामंजींना दिसेनासं झालं तेव्हा ताग मीच गुंडाळून द्यायची. दोनदा चुकले तर तिसऱ्यांदा हातावर चापट. तुम्ही तेव्हा शिकवणीत विभक्त्या घोकून घेत होता."

म्हणजे तुम्ही शिष्य शोधलात, बाबा, आणि मला कळूही दिलं नाहीत. मी दिवसभर हसत होतो. हळदीला मुलगी न्हाली, आणि संध्याकाळपर्यंत काकूंसकट तिघीजणी हिच्याकडे शिकायला तयार झाल्या. आता रविवारी दुपारी आपल्या गॅलरीत जुन्या पाइपांवर वर्ग भरतो. माझ्या वर्गापेक्षा तिथं शिस्त जास्त आहे. भोईवाड्यातूनही बोलावणी येतात.

काल शाळेत हेडमास्तरांनी घरचा नळ गळतो म्हणून कुरकुर केली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "माझे वडील नळकाम करायचे. माझी बायकोही करते, येईल उद्या." आजवर कुणी विचारलं की वडील 'नोकरीत' होते, एवढंच सांगत आलो होतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो: तिच्याबरोबर पिशवी उचलायला एक बिगारी असतो, हे मी त्यांना सांगितलं, तो कोण, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.