आडनाव नसलेला पत्ता

बाबा, आज एका मासिकाच्या संपादकांना फोनवर माझा ईमेलचा पत्ता सांगितला, तर ते म्हणाले, "आडनाव राहिलं वाटतं." राहिलं नाही, तुम्ही घालू दिलं नव्हतं. फोन ठेवल्यापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

आपल्या पडवीतल्या पोस्टात अर्ध्या वाडीची पत्रं दुकानदाराच्या मार्फत यायची, फोनही त्याच्याकडेच. म्हणून २००१ साली वर्तमानपत्रातल्या नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा मी मालवणच्या सायबर कॅफेवाल्याचाच ईमेल पत्ता दिला. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. तो लग्नासाठी खारेपाटणला गेला, कॅफे पाच दिवस बंद. मुलाखतीचं बोलावणं त्याने छापून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं, तेव्हा मुलाखतीचा दिवस उलटून गेला होता. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. "पोस्टमास्तराच्या चेडवाचा पत्र, आनि ताच चुकला," एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी टपालाची थैली रवाना करून मला घेऊन मालवणला आलात.

कॅफेत तुम्ही स्टुलावर बसला आहात, चष्मा कपाळावर. मी मोठ्या हौसेने 'सागरकन्या' टाइप करते. तुम्ही कॅफेवाल्याकडे बघून म्हणता, "सागरकन्येक नोकरी कोण देतलो? दशावतारात घेतले तर घेतले." तो इतका हसतो की मला रडू येतं. मग मी माझं नाव आणि आडनाव लिहिते. तुम्ही पुन्हा मान हलवता. "आडनाव नको गो. लग्न झाला की ता जाता. आमच्याकडे नावय बदलतत." मग वरच्या वाडीतल्या सुनेची गोष्ट सांगता. तिच्या मैत्रिणीने माहेरच्या नावाने पत्र धाडलं होतं. तुम्ही ते घेऊन दारात गेलात तर सासू म्हणाली, "अशी कोण नाय आमच्यात." सून दारामागेच उभी होती. "मी ता परत नाय धाडलंय," तुम्ही सांगता. "दुसऱ्या दिवशी इहिरीवर तिच्या हातात दिलंय." आणि पडद्याकडे बोट करून म्हणता, "तांदळात काय ता लिवांदेत. हय तुझा नाव आनि माझा नाव. बस."

लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहिलं गेलं. सासर विजयदुर्गाकडचं, माणसं चांगली. कोणी जबरदस्ती केली नाही. मीच हौसेने नव्या नावाचा, नव्या आडनावाचा पत्ता काढला आणि तोच सगळ्यांना कळवला. आठ महिन्यांनी तुमचं आंतरदेशीय आलं. पाऊस, काजूची कलमं, आईचा गुडघा, आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात: "तुझा पत्ता चालू आहे ना?" मी उलटटपाली उत्तर दिलं. तो आठवडा मात्र अस्वस्थ गेला. अखेर देवगडला जाऊन मी जुना पत्ता उघडला. त्यात एका संपादकांचं पत्र पडून होतं. लग्नाआधी त्या पत्त्यासह छापून आलेले माझे लेख वाचून त्यांनी दर आठवड्याला सदर लिहाल का म्हणून विचारलं होतं, आणि होकाराची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तिथेच बसून होकार कळवला, सोबत पहिला लेखही लिहून पाठवला. तेव्हापासून आजवर जे काही काम आलं ते त्याच पत्त्यावर आलं. दोन नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, तो बदलावा लागला नाही. एवढी टिकाऊ वस्तू मला दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

सदर सुरू झाल्यावर तुम्ही टपाल वाटताना घरोघर सांगत होतात म्हणे, "माझा चेडू रोज पेटी उघडून बघता, म्हणान ह्या काम गावला तेका." माझ्या त्या उत्तरात तसंच लिहिलेलं होतं: "चालू आहे, रोज उघडते." बाबा, आठ महिन्यांत मी तो एकदाही उघडला नव्हता. तुम्ही होतात तोवर हे सांगायचं धाडस झालं नाही.