पाव इंचाचं खोटं

प्रिय बाबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. पत्रं लिहिणारा मी नव्हे, तुम्हाला माहीतच आहे. शाळेत असताना गावच्या आजीला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी तुम्हाला माझ्या मागे लागावं लागायचं. पण आज दुपारी आईने तुमचा हत्यारांचा डबा उघडायला सांगितला आणि मी बसलोच. बोलायला तुम्ही नाही, म्हणून लिहितोय.

डब्यात काय होतं ते शेवटी सांगतो. आधी बाकीचं सांगू दे.

आपल्या दहिसरच्या खोलीतले रविवार आठवतात? सकाळी सातला बोरिवलीला गाडीतून उतरून गाववाले थेट आपल्याकडे. पीक राखायच्या बंदुकीचा परवाना असलेले सगळे शेतकरी. बंदुकांच्या दुकानातली तुमची नोकरी संपली तरी बंदुकीचे कारीगर तुम्हीच! नळी तीस इंची बरी की बत्तीस? तोंड आवळलेली घ्यायची की मोकळी? माकडांना कुठलं काडतूस, डुकराला कुठलं? आई चहा करून थकायची आणि तुम्ही बोलून थकत नव्हता.

"एकनळी आसा. दुसरो बार नाय. इचार पयलोच करूचो," तुम्ही म्हणायचात. कुणी जास्त जोराचं काडतूस मागितलं की ठरलेलं, "मोठो बार म्हणजे मोठी अक्कल नाय!"

आणि माझ्या कानाशी तर तुम्ही एकच घोकत राहिलात. जुन्या बंदुकीत काडतूस बसायचं घर अडीच इंचाचं असतं. पावणेतीनचं काडतूस त्यात जातं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडालं की ते तोंड उलगडतं, पुढे जागा नसते, आणि सगळा जोर नळीच्या बुडावर येतो. "आत गेला म्हणजे बसला असा नाय रे, दिनू."

शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकलं, पण डोक्यात कुठे शिरलं होतं?

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात गावाहून फोन आला, डुकरांनी भुईमूग उलथून टाकला. वनखात्याच्या परवानगीचा कागद हातात होता, आजोबांची एकनळी तेल देऊन तयार होती. फक्त काडतुसं हवी होती. तुम्हाला लांबचं लख्ख दिसत होतं, जवळचं काही वाचता येत नव्हतं. महिनाभर थांबा, चष्मा येऊ दे, असं आई कानीकपाळी ओरडत होती. तुम्ही कुणाचं ऐकणार!

मी हाफ डे टाकून तुम्हाला दुकानात नेलं. तुम्ही परवाना दाखवलात, रजिस्टरवर सही केलीत आणि गर्दीत जीव घुसमटतोय म्हणून बाहेर रिक्षात जाऊन बसलात. जाताना एवढंच म्हणालात, "मोठ्या छर्‍याची घे. अडीच इंची."

अडीच इंची नव्हती, बाबा. दुकानदाराने सरळ सांगितलं, "पावणेतीनच आहेत. बंदूक कुठली?" मी म्हटलं, नवीन आहे. असं फाडकन निघालं तोंडातून. दुसरं दुकान पार दुसर्‍या टोकाला, ऑफिसमधून दोनदा फोन येऊन गेला होता, बाहेर रिक्षाचं मीटर पडत होतं. पाव इंचाने काय आभाळ कोसळतंय, असं मनात आलं. काय माणूस आहे मी!

रिक्षात तुम्ही काडतूस बोटांत फिरवलंत. वरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवलात.

"वर काय लिवला आसा?"

"अडीच," मी म्हटलं.

तुम्ही ते खिशात टाकलंत आणि वडापाव खाऊया म्हणालात.

पुढचं गावकर काकांनी सांगितलं. गावचे शेजारी, तुमच्याच वयाचे, तुम्ही डुकरांसाठी बसलात त्या पहाटे ते तुमच्याबरोबर बांधावर होते. बॅटरी आणतो, एकदा बघून घेऊया, असं ते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "गरज नाय. माझ्या झिलान वाचल्यान हा."

आयुष्यभर दुसर्‍याचं काडतूस तपासल्याशिवाय बंदुकीत जाऊ दिलं नाहीत. एकदाच तपासलं नाहीत, कारण ते मी आणलं होतं!

नळी बुडाशी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तुम्ही पोलिसांना जबाब देत होता. "चूक माझीच. काडतूस मीच निवडलंय. नजरेन माका फसवल्यान." माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. मला वाटलं, सुटलो. खरंच, बाबा, पहिला विचार हाच आला. लाज वाटते लिहायला, पण आला.

मग दहिसरचे रविवार बंद झाले. सुरुवातीला एकदोघं तब्येत विचारायला आले, मग तेही नाहीत. कारीगराला स्वतःची बंदूक कळली नाही, त्याला काय विचारायचं? तुम्ही तरी सात वाजता आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसायचात. आई चार कप जास्तीचा चहा टाकायची. दहा वाजता तोच चहा आम्ही गरम करून प्यायचो.

एकदा गावकर काका आले होते. तुमच्यासमोरच म्हणाले, "म्हातारपण, दुसरा काय!" आणि मी, तुमचा मुलगा, काय म्हणालो आठवतं? "हो ना, काका. ऐकतात कुठे कुणाचं!" तुम्ही हसलात आणि बशी उचलायला गेलात, ती त्या हातातून निसटली. मी तुकडे गोळा केले. त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुम्ही होतात, काका होते, सगळं समोर होतं.

आता डब्याचं सांगतो.

नळीचं घर मोजायचं तुमचं पितळी माप फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्याच्याबरोबर त्या पहाटेचं, उडालेलं काडतूस. तोंड उलगडलेलं, पुढून करपलेलं. मी ते मापाशेजारी धरलं. मापापेक्षा पाव इंच लांब. त्यावरच्या आकड्याभोवती बॉलपेनने एक गोल केलेला, वाकडातिकडा. चष्मा आल्यावर केला असणार.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! चार वर्षं माहीत होतं. आणि मला एक शब्द नाही? एक शिवी तरी हासडायचीत, बाबा. थोबाडीत मारायचीत. मी पायांवर पडलो असतो, रडलो असतो, मोकळा झालो असतो. की मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होता? रविवारी दाराकडे तोंड करून बसायचात, ते गाववाल्यांसाठी, की मागे पलंगावर पेपर वाचत पडलेल्या माझ्यासाठी?

आईला आत्ताच सांगितलं. तिने डबा माझ्या हातातून घेतला, फडकं नीट घडी करून ठेवलं आणि आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

उद्या गावकर काका येणार आहेत. तुमच्याकडून नळ्या निवडून नेलेले आणखी पाच-सहा जण येतील. पानं वाढायच्या आधी मी ते माप आणि ते काडतूस त्यांच्यासमोर ठेवणार. कारीगर चुकला नव्हता, त्याचा मुलगा खोटं बोलला होता, हे माझ्या तोंडाने सांगणार. मग ज्याला जेवायचं तो जेवेल, ज्याला उठून जायचं तो जाईल. शब्द देतो, बाबा. माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे, तरी देतो.

आणि रिक्षात तुम्ही विचारलं होतंत ना, वर काय लिहिलंय?

पावणेतीन लिहिलंय, बाबा. पावणेतीन.

तुमचा झील,
दिनू