खिडकीबाहेरचा कप

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या फक्त कागदावर, खरा भेटीत घालेन). तुझे गुडघे कसे आहेत? शिवणयंत्र अजून दारापाशीच ठेवतेस का? तिथे गार वारा लागतो हे मी दर पत्रात लिहितो आणि तू नेमकी तेवढीच ओळ वाचायची टाळतेस. माझी तब्येत बरी आहे. म्हणजे झोप नाही, भूक नाही, बाकी उत्तम.

सिनेमात तू नेमकं करतोस काय, असं विचारलं होतंस. मी वस्तू सांभाळतो. पडद्यावर दिसणारी चादर, कंदील, कुलूप, चपला, सगळं माझ्या ताब्यात. पूर्वीच्या सिनेमांत हे सोपं होतं. खुर्ची असायची ती बसायला. या सिनेमाचा विषय मात्र जातिभेद आहे, त्यामुळे आमचे दिग्दर्शक (माणूस वाईट नाही, फक्त गप्प बसत नाही) प्रत्येक वस्तूला बोलायला लावतात. कोपऱ्यातला झाडू बोलला पाहिजे. नायक मालकाच्या दारात पायांतून काढून हातात धरतो त्या चपला बोलल्या पाहिजेत. गेल्या आठवड्यात एका बादलीपुढे आम्ही सकाळभर उभे होतो, ती बोलेना म्हणून. शेवटी जेवायची वेळ झाली.

पण सगळ्यांत मोठा मान कपाचा. मालकाच्या घरी नायकासाठी खिडकीबाहेर वेगळा कप ठेवलेला असतो, त्यात वरून चहा ओततात, आणि पिऊन झाला की त्यानेच तो विसळून परत तिथेच ठेवायचा. (हे मी तुला समजावून सांगतोय, म्हणजे माझं डोकं किती थकलंय बघ.) मालकाच्या घरातल्या कपांमधलाच एक घेऊन मी तो चहाच्या पाण्यात भिजवून, उन्हात तापवून चांगला कळकट केला. दिग्दर्शक इतके खूश झाले की त्यांनी हुकूमच काढला, या कपाला कुणी हात लावायचा नाही. त्याला वेगळं कपाट, वेगळा रुमाल. थोडक्यात, सिनेमात तो अपमान म्हणून वेगळा आणि सेटवर मान म्हणून वेगळा, शिवायचं कुणी नाहीच. जेवणाचे तंबूही इथे दोन आहेत. एकात खुर्च्या आणि चिनी मातीचे कप, दुसऱ्यात आम्ही आणि कागदी कप. त्यात कसलंही प्रतीक नाही, ती खर्चाची अडचण आहे, असं मला नीट समजावण्यात आलं आहे.

परवा काम फार लांबलं. दिवे बंद झाले तेव्हा मला उभ्या उभ्या झोप येत होती. आवराआवर करताना खिडकीतला कप उचलला, घासला, पुसला आणि बाकीच्या कपांत नेऊन ठेवला. यात दोष तुझा आहे. आपल्या घरात कुणाचाच कप वेगळा नव्हता; पाहुण्याचा नाही, तुझा नाही, तापाने फणफणलेल्या माणसाचासुद्धा नाही. घासायचा आणि सगळ्यांत मिसळून ठेवायचा. (पिवळ्या फुलाचा कप माझाच, असा हट्ट धरला तेव्हा पाठीत धपाटा बसला होता, तो अजून आठवतो.) डोकं झोपलं तरी हात आपलं काम करतात.

सकाळी बोंबाबोंब. सगळे कप टेबलावर मांडले. या कपाच्या वेदनेवर ज्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्ट्या खाऊन व्याख्यानं दिली होती, ते दिग्दर्शक एकेक कप डोळ्यांशी नेत होते, उजेडाकडे धरत होते. एकही बोलेना. मला तरी कुठे ओळखता येत होता? आतल्या कपांत बसला आणि झाला त्यांच्यातलाच. मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं, आणि माझे ग्रह फिरले.

असो. दमलोय, म्हणून इथेच थांबतो. गुडघ्यांना तेल लाव. मोठ्यांना नमस्कार, आणि मोठी आता तूच उरली आहेस, तेव्हा तो तूच घे.

तुझा,
भाचा

ता. क. मुद्दा राहिलाच. दिग्दर्शकांना आता बनवलेला कप नको, खरा हवा. तू ज्या घरी शिवायला जायचीस तिथे खिडकीत तुझ्यासाठी ठेवलेला कप, काम सोडताना तू त्यांच्यादेखत पिशवीत घालून आणलास, हे मी नोकरी मागताना सांगून बसलो होतो (नोकरी त्यावरच मिळाली). सोमवारपर्यंत तो कप आला नाही, तर माझ्या जागी दुसरा माणूस येईल. तेव्हा कापडात गुंडाळून पाठव. कृपा करून घासू नकोस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालताना आठवलं. तो कप तर तू आणलास त्याच दिवशी घासून सगळ्यांत मिसळून टाकलास. यातला तो कोणता, असं मी लहानपणी विचारलं होतं. यंत्रावरून मान वर न करता तू म्हणालीस, "ज्यात तुझा चहा आहे तो." तो शोधून परत वेगळा काढ, असं तुला सांगायला माझी जीभ रेटत नाही. राहू दे. वरची ता. क. वाचू नकोस.

ता. क. ३. सोमवारी सामानासकट येतोय. शिवणयंत्र दारातून हलवू. चहा टाकून ठेव. कप मी घेईन, हाताला येईल तो.