पायाखालचं पेडल

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुमचे गुडघे काय म्हणतात? आई जिना चढू देते का?

आम्ही दिवसभर एका बिनखिडकीच्या खोलीत मेंदूची ऑपरेशनं शिकतो. पेशंट पडद्यावरचा, पण हातातली अवजारं खऱ्यासारखी अडतात. रक्त सुटलं की पायाखालचं पेडल दाबायचं. पेशंट पुन्हा धडधाकट आणि आपण पुन्हा पहिल्यापासून. माझी अजून पहिलीच गाठ चालू आहे. ती निघाल्याशिवाय सर पुढे जाऊ देत नाहीत, आणि तुम्ही चारचौघांत इतकं कौतुक करून ठेवलंय की मागेही फिरता येत नाही.

परवा कांदा चिरताना बोट कापलं. काळजी नको, जखम भरतेय. पण रक्त दिसताच माझा पाय ओट्याखाली पेडल शोधायला लागला! मैत्रीण हसून हसून बेजार झाली. मीही हसले.

म्हणून सांगते, आत्याच्या डोक्यातली गाठ काढायला माझी वाट बघू नका. "घरचीच डॉक्टर करेल," हा तिचा हट्ट मायेचा आहे, पण तिथल्या डॉक्टरांनी दिलेली तारीख पक्की करा.

रोज माझ्या हातून एक माणूस जातं, बाबा, आणि मी चहा प्यायला उठते.

तुमची,
अजून न झालेली डॉक्टरीण