चिंचेनं घासलेला पैसा

वैशाख, मंगळवार, संध्याकाळ

पाण्याच्या टँकरची वाट बघणं सोडून आज शहागंजच्या बाजारात गेलो. बाबांचा तांब्याचा जुना पैसा नाणीवाल्या चाचांना दाखवला. टाकसाळीच्या चुकीनं त्याच्यावरचा छाप सरकलाय, अशा नाण्याला शौकीन जास्त मोल देतात, म्हणून मुंबईला तपासायला पाठवून दाखला घ्यावा म्हटलं. चाचांनी चकाकी बघूनच विचारलं, "घिसे क्या इसकू?"

व्हय, घासला. बाबा गेल्यावर देवघरात ठेवला आणि दर लक्ष्मीपूजनाला चिंचेनं घासला, देवाच्या भांड्यांसारखाच.

"भेजो, पण दाखल्यावर 'घासलेलं नाणं' असं लिहून येईल. कायमचं. जुनी काळी झाक गेली, की भाव गेला."

काय करू? बाबा त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. मला तो त्यांचा चिक्कूपणा वाटायचा. जी काळपट झाक त्यांनी जन्मभर जपली, ती मी भक्तिभावानं पुसून टाकली.

नाय पाठवत. पण देवघरात रोज तोच समोर येणार. लख्ख.