सुपातले खडे

सेलू,
ता. ३ फेब्रुवारी १९९४

चि. सत्यशीला हीस दादाचे अ. उ. आशीर्वाद.

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे पुनर्वसन ही कल्पनाच असंभव आहे. आणि म्हणून तुझ्या वहिनीला महिनाअखेर घरी आणणे योग्य. पुनर्वसन म्हणजे गमावलेले परत मिळवणे. कुसुमची स्मृती परत येणार नाही, हे तुमचे डॉक्टरही मान्य करतात. मग सहा महिने तुमची संस्था करते काय? पुढे सूप ठेवून ज्वारी निवडायला लावणे याला मी उपचार म्हणणार नाही. तिथे फक्त हात हलतात. घरी मी सूप, विळी, चूल सारे तिच्यापासून दूर ठेवले होते, ते तिच्या रक्षणासाठीच.

जानेवारीत एस.टी. बंद राहिल्याने येणे झाले नाही. रविवारी येऊन स्वतः पारखीन. लोभ आहे; तो वादाने कमी होत नाही.

तुझा,
दादा

गंगाखेड,
ता. ८ फेब्रुवारी १९९४

ती. दादांना शि. सा. नमस्कार.

आपण कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेत, पण व्याख्या मात्र सोयीची घेतलीत! आमच्याकडे पुनर्वसन म्हणजे उरले आहे ते वापरात ठेवणे. वहिनी आल्या तेव्हा दिवसभर भिंत चाचपत फिरायच्या. वार कोणता, मी कोण, असले प्रश्न आम्ही बंद केले आणि तीस माणसांच्या स्वयंपाकाची ज्वारी त्यांच्यापुढे ठेवली. खोटे काम द्यायचे नाही, हा इथला नियम. आठवड्यात भिंत सुटली.

रविवारी आपण इथून निघालात आणि विपरीत घडले. वहिनींनी सुपातून मूठभर खडे वेचले, तळहातावर फिरवले आणि म्हणाल्या की हे खळ्यातले न्हाईत, गंगेच्या वाळूतले हायत, कुणीतरी मुद्दाम टाकलेत, माणसाच्या खाण्यात असं करतेत का. सूप सरकवले ते सरकवलेच. पुन्हा भिंतीशी गेल्या आहेत.

ठपका आला शेजारी बसून निवडणाऱ्या बायनाबाईंवर. पुढच्या शनिवारी संस्थेच्या मंडळात त्यांना कामावरून काढायचे ठरते आहे. त्या मात्र म्हणतात, तुमचे दादा लय पुसतेत, आता त्यांनाच पुसा की. मी हसण्यावारी नेले. वहिनींना न्यायचेच असेल तर अडवायला माझ्यापाशी आता काही उरले नाही. रागावू नये, माया राहू द्यावी.

आपली,
सत्यशीला

सेलू,
ता. ११ फेब्रुवारी १९९४

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

बायनाबाईंना कामावर राहू द्या. हे पत्र मंडळापुढे वाचावे.

रविवारी गोदावरीच्या, म्हणजे तुमच्या गंगेच्या, घाटावरून येताना मी मूठभर खडे खिशात घातले होते. तू चहा आणायला गेलीस तेव्हा ते सुपात टाकले. माझे अनुमान असे होते की कुसुम खडा दिसला की उचलील, इतकेच. आणि माझा सिद्धान्त टिकेल. खडा कुठला हे ती सांगेल, टाकणाऱ्याचा राग धरील, हे माझ्या मांडणीत कुठेही नव्हते. समोर बसलेला मी कोण हे तिला सांगता आले नाही. माझे कृत्य मात्र तिने अचूक ओळखले.

तिला घरी नेण्याचा आग्रह मी मागे घेतो. बुधवारी येईन. तेच सूप मला दे. तिच्याजवळ भिंतीशी बसून निवडीन. मला निवडता येत नाही, हे तिला न सांगता कळेल. मग ती काय करते ते पाहू. यावेळी मी काही विचारणार नाही.

एक चूक लेखी कबूल करतो : तीस माणसांच्या अन्नात मी खडे टाकले आणि त्याला परीक्षा म्हटले.

(सही)
दिनकर माणिकराव