तिसरं पाणी

सोलापूर
२ मार्च १९७३

प्रिय गुरम्मा,

तुम्ही बाळ-बाळंतिणीला घेऊन अक्कलकोटला तुझ्या माहेरी गेलात त्याला बारा दिवस झाले. इथं कारखाना चालू आहे, पण ऊस कमी म्हणून एकच पाळी. विहिरीनं तळ गाठलाय. आमचे हे वारले त्याला चैत्रात दोन वर्षं होतील. त्यांच्या जागेवर कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, कापडं धुवायची, त्यात काय शिकायचं?

तसं ते नाही. रस गाळायची जाड सुती कापडं आठवड्यात चुन्यानं पत्र्यासारखी होतात, रस आरपार जात नाही. आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात चिकटा सुटतो, मग पातळ ॲसिडात चुना. त्यानंतर तीन स्वच्छ पाण्यांतून काढायची. शेडच्या भिंतीवर तसं लिहिलंय. आम्हा चौघींत वाचता येतं ते मला एकटीला. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावत लावत शिकले. मीच बाकीच्यांना वाचून दाखवते. तुझे यजमान सिद्धनाथभाऊ फोरमन म्हणून फेरी मारताना म्हणायचे, "वैनी, कापडाला न्हाऊ घाला की, नुसती चूळ भरायला लावू नका!" आम्ही हसायचो.

गेल्या महिन्यात तुझी लेक बाळंत झाली आणि तुमच्या चाळीत चार दिवस टँकर आला नाही. मी रोज दोन घागरी आणून दिल्या. तू विचारलंस, "कुटनं गं?" मी म्हटलं, "वशिला हाय." वशिला कसला? ते तिसरं पाणी होतं. तुमच्या दारात कोरडे हंडे पाहून आल्यावर चांगलं पाणी कापडावर ओतून गटारात सोडायला हात होईना. दोनच पाण्यांतून काढून कापडं वाळत घातली. ओल्यात काही कळत नाही. वाळताना उरलेलं ॲसिड सूत खातं.

पुढच्या सोमवारी गाळायच्या यंत्रात रसाचा दाब चढला तशी सात कापडं फाटली. गाळ रसात गेला, साखर काळी आली. सिद्धनाथभाऊंनी ॲसिड जास्त टाकलं, असं साहेबांनी ठरवलं आणि त्यांना घरी बसवलं. मी समोरच होते. गप्प राहिले. नोकरी गेली की कारखान्याची खोलीही जाते, एवढंच डोक्यात. वाचता येत नसतं तर ठाऊक नव्हतं म्हणून सुटलेही असते.

आज सकाळी मी साहेबांना स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की कापडं मी धुतली, तिसरं पाणी मी दिलं नाही. पाणी कुठं गेलं ते लिहिलं नाही. तुमच्या घराचं नाव आलं तर ते भाऊंवरच उलटेल, म्हणून तूही बोलू नकोस. चूक माझीच, अशा कबुलीचा कागद कारखान्यानं भाऊंच्या नावे टपालात टाकलाय. त्यावर त्यांना सही करू देऊ नकोस. गुरुवारी आठ तारखेला चौकशी आहे, आदल्या दिवशी त्यांना घेऊन ये. तुमच्या चाळीत पाण्याचे हाल, माझ्याकडेच उतरा. महिनाअखेरपर्यंत खोली आहे.

तुझीच,
मथुरा